एका दांडीचे हजार कोटी आकार

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास, एका महालाचे गणित आहे. महालाला आठ झरोखे. एकच उघडा ठेवला तर, दोन ठेवले तर, तीन ठेवले तर, असे करत आठही उघडेपर्यंत एकूण तऱ्हा किती? उत्तर २५५. त्याच ग्रंथात पुढे शंकराच्या दहा हातांचे गणित येते. दहा हातांतली दहा आयुधे आपसांत बदलत गेले तर मूर्तीचे किती प्रकार होतील? उत्तर ३६,२८,८००. आठाचे दहा झाले, प्रश्नाची जात जराशी बदलली, आणि तेवढ्यात शेकड्यांचे लाख झाले.

वस्तूंचे डिझाइन करणारी माणसे रोज याच गणितात राहतात. त्यांच्याकडे झरोक्यांऐवजी मापे असतात, एवढाच फरक. या क्षेत्रात आता एआय एजंट आले आहेत. एजंट म्हणजे विचारल्यावर उत्तर देऊन गप्प बसणारा चॅटबॉट नाही. त्याला काम सांगायचे. तो त्याचे टप्पे पाडतो, कॅडचे, म्हणजे संगणकावर वस्तू आखण्याचे, सॉफ्टवेअर स्वतः चालवतो, ताकदीची चाचणी लावतो, निकाल वाचतो, माप बदलतो आणि पुन्हा सुरुवात करतो. जेवणाच्या सुट्टीत असा एजंट शेकडो पर्याय काढून ठेवतो, असे कौतुकाने सांगितले जाते. शेकडो हा आकडा खरेच केवढा आहे, ते एकदा हिशेबाने पाहू.

शेकडो म्हणजे किती?

मिक्सरच्या भांड्याची दांडी घ्या. ती आखताना दहा मापे तरी ठरवावी लागतात: लांबी, रुंदी, जाडी, वरचा बाक, खालचा बाक, भांड्यापासूनचे अंतर, अंगठा टेकायची जागा, कडांची गोलाई, आतल्या भिंतीची जाडी आणि जोडणीचा कोन. प्रत्येक मापाला फक्त दहा पर्याय देऊ. जाडी २० ते २९ मिलिमीटर, दर मिलिमीटरला एक. दहा मापांचे दहा-दहा पर्याय मिळून १,००० कोटी दांड्या होतात. सेकंदाला एक या वेगाने, न झोपता पाहत बसले तर सगळ्या पाहायला ३१७ वर्षे लागतील. एजंटाने काढलेले ५०० पर्याय म्हणजे या ढिगातला दोन कोटींमधला एक भाग.

आता झाकण धरा, भांड्याचा बुडखा धरा, आणि मापे वीस करा. पर्याय होतात १ वर २० शून्ये. भास्कराचार्यांची संख्यास्थानांची यादी परार्धाशी संपते. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्ये. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे, म्हणजे सेकंदांत मोजले तर सव्वाचार परार्धांहून थोडे जास्त. आपल्या भांड्याचे पर्याय मात्र १,००० परार्ध. विश्वाचे आजवरचे आयुष्य २३० वेळा जगले तरी सेकंदाला एक या वेगाने ते संपणार नाहीत. ही मोजदाद स्वयंपाकघरातल्या एका भांड्याची आहे. मोटारीची अजून सुरूही झालेली नाही.

शिवाय मापाला दहाच पर्याय देणे हा कंजूषपणा झाला. सॉलिडवर्क्स, सीमेन्स एनएक्स, ऑनशेप या सगळ्यांच्या पोटात पॅरासॉलिड नावाचा भूमितीचा एकच गाभा काम करतो. एक किलोमीटर लांबी-रुंदी-उंचीच्या पेटीत तो मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागापर्यंतचा फरक ओळखतो. म्हणजे पेटीच्या एका कडेवर त्याला दहा हजार कोटी वेगवेगळ्या जागा दिसतात, आणि आपण त्यांतल्या दहा निवडल्या होत्या.

४४० खंडांची एक संख्या

सगळे पर्याय तपासून पाहणे जमणारच नाही, हे इंजिनिअरांना फार पूर्वी कळले होते. न तपासता चांगल्या पर्यायापर्यंत पोहोचायचे कसे, हा खरा प्रश्न. त्याचे एक उत्तर डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातले ओले सिगमुंड यांनी २००१ साली मॅटलॅबच्या अवघ्या ९९ ओळींत लिहून दाखवले. ठोकळ्याची जागा बारीक चौकटींत वाटायची आणि प्रत्येक चौकटीत साहित्य किती असावे, ते संगणकाला ठरवू द्यायचे. या पद्धतीला टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशन म्हणतात. तिचा पाया बेंडसो आणि किकुची यांनी १९८८ मध्ये घातला होता.

त्या ९९ ओळींनंतर सोळा वर्षांनी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, सिगमुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये याच कल्पनेचा अवाढव्य अवतार छापला. विषय बोइंग ७७७ सारख्या विमानाच्या पंखाची आतली रचना. पंखाच्या पोटातली जागा त्यांनी ११० कोटी घनांत वाटली आणि ८,००० प्रोसेसर काही दिवस त्यावर राबवले. पंख आतून पोकळ हाडासारखा, वाकड्या फासळ्यांचा निघाला. एका पंखात २०० ते ५०० किलो वजन वाचेल आणि विमानामागे वर्षाला ४० ते २०० टन इंधन, असा त्यांचा अंदाज होता.

आता यातला खरा चक्रावणारा आकडा. प्रत्येक घन भरलेला किंवा रिकामा, एवढेच दोन पर्याय धरले तरी पंखाच्या संभाव्य रचना किती? ११० कोटी वेळा २ लिहून त्यांचा गुणाकार करायचा. येणारी संख्या सुमारे ३३ कोटी अंकी आहे. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या साधारण १ वर ८० शून्ये धरतात. ती या लेखाच्या दोन-तीन ओळींत मावेल. पंखाची संख्या छापायची तर पानाला २,५०० अंक धरून १ लाख ३२ हजार पाने लागतील, म्हणजे ३०० पानी ४४० खंड. आणि एवढ्या पर्यायांतून उत्तर काही दिवसांत आले.

ते आले, कारण संगणकाने शोध घेतलाच नाही. त्याने प्रत्येक फेरीत प्रत्येक घनाला एकच प्रश्न विचारला: तू थोडा विरळ झालास तर पंख किती जास्त वाकेल? ज्याच्या असण्यानसण्याने फरक पडत नाही त्याच्याकडचे साहित्य काढायचे आणि ताण असेल तिथे द्यायचे. अशा फेऱ्यांमागून फेऱ्या. पुढचे पाऊल कोणत्या दिशेला टाकायचे ते गणितच सांगते, त्यामुळे उरलेल्या खंडांची पाने उलटावीच लागत नाहीत.

अडचण अशी की, हा प्रश्न वजनाविषयी आणि वाकण्याविषयी विचारता येतो. दांडी ओल्या हातातून निसटेल का, भांडे दुकानाच्या फळीवर भरीव दिसेल का, उजव्या हाताने धरणाऱ्याला आणि डावखुऱ्याला सारखीच सोयीची वाटेल का, यांना तसे समीकरण नाही. ‘जरा दणकट दिसू दे, पण बोजड नको’ हे वाक्य डिझाइनर सहज बोलतो. संगणकाला त्याचा अर्थ अलीकडेपर्यंत शून्य होता. भाषा समजणारे एजंट इथेच उपयोगी पडतात.

प्रोसेसरचे ३० लाख तास

२०२५ मध्ये एमआयटीतले मोहम्मद एलरेफाई आणि फैज अहमद व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारीच्या बाह्याकारासाठी चार एजंटांची एक फळी उभी केली. पहिला स्टायलिंगचा: साध्या रेखाटनावरून किंवा वर्णनावरून गाडीची चित्रे काढणारा. दुसरा कॅडचा: त्यांना त्रिमितीय आकार देणारा. तिसरा मेशिंगचा: त्या आकाराभोवतीची जागा हवेच्या हिशेबासाठी बारीक कप्प्यांत वाटणारा. चौथा सिम्युलेशनचा: हवेचा विरोध किती, ते सांगणारा. हे चार जण एकमेकांशी बोलून काम पुढे सरकवतात. स्टायलिस्टने चित्र द्यायचे, इंजिनिअरने ते परत पाठवायचे, या चकरांना लागणारे आठवडे मिनिटांवर आणता येतील, असे या संशोधकांचे म्हणणे आहे.

मिनिटांत उत्तर मिळते, कारण कुणीतरी आधी प्रचंड वेळ खर्च केलेला असतो. याच मंडळींनी त्यापूर्वी ८,००० मोटारींच्या आकारांचा एक साठा तयार केला होता. त्याचे नाव ड्राइव्हएअरनेट प्लस प्लस. प्रत्येक गाडीभोवती हवा कशी वाहते, याचे पूर्ण गणित संगणकावर केले. त्याला प्रोसेसरचे ३० लाख तास लागले आणि ३९ टेराबाइट माहिती साठली. गाडीमागे सरासरी ३७५ तास. ३० लाख तास म्हणजे ३४२ वर्षे. हे काम एकाच प्रोसेसरवर टाकून २०२४ मध्ये संपवायचे असते, तर ते संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत सुरू करावे लागले असते. एवढी गणिते पाहून शिकलेले मॉडेल नव्या गाडीचा हवेचा विरोध क्षणात अंदाजाने सांगते. एजंटाची चपळाई त्या ३४२ वर्षांच्या व्याजावर चालते.

तरी ८,००० गाड्या म्हणजे किती? तीस मापांच्या गाडीचे, मापाला दहाच पर्याय धरले तर, १ वर ३० शून्ये इतके आकार होतात. त्यांतले आठ हजार पाहून उरलेल्यांविषयी मत बनवायचे आहे. गाड्या एकमेकींसारख्या असतात म्हणून हे जमते. चार चाके, पुढे काच, मागे डिकी अशा नेहमीच्या घडणीची गाडी असेल तर अंदाज चांगला येतो. कुणी खरेच वेगळा आकार काढला की मॉडेल ओळखीच्या मुलखाबाहेर जाते, आणि तिथे त्याच्या क्षणातल्या उत्तराची किंमत कमी होते.

१,७८,२३८

एजंटाला भाषा येते, मग कॅड का येऊ नये? शिकण्याच्या साहित्याचे आकडे पाहिले की कळते. मेटाचे लामा ३ हे भाषा-मॉडेल २०२४ मध्ये १५ लाख कोटींहून अधिक शब्दतुकड्यांवर शिकवले गेले. चित्रे काढणाऱ्या मॉडेलांसाठी वापरला गेलेला लायन-५बी हा साठा ५८५ कोटी चित्रे आणि त्यांच्या मथळ्यांचा. आणि कॅड? कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलेल्या डीपकॅड या साठ्यात वस्तू कशी घडवली त्याच्या पायऱ्यांसह मॉडेले आहेत १,७८,२३८. त्यानंतरच्या पुष्कळ संशोधनाचा आधार हाच साठा आहे. एका कॅड मॉडेलमागे जवळजवळ ३३ हजार चित्रे, असे हे प्रमाण.

त्यातही मेख आहे. डीपकॅडमधल्या सगळ्या वस्तू दोनच क्रियांनी बनल्या आहेत: सपाट आकृती काढायची आणि तिला उंची द्यायची. कडा गोल करणारा फिलेट त्यात नाही, कडा तिरपी कापणारा चॅम्फर नाही. प्लास्टिकची कोणतीही वस्तू हातात घेऊन बघा. बोट फिरेल तिथे फिलेट असतो. रोज कॅडवर बसणाऱ्याला विचारा. दिवसातला किती वेळ फिलेट लागत नाही म्हणून जातो आणि फीचर ट्री, म्हणजे मॉडेलच्या पायऱ्यांची यादी, लाल झाली की जीव कसा खाली-वर होतो, हे तो न विचारताही सांगेल.

खरी माहिती कंपन्यांच्या सर्व्हरवर कुलूपबंद असते, आणि ती देऊ नये याला कारणेही रास्त आहेत. म्हणून संशोधक वेगळ्या वाटा काढतात. एमआयटीने २०२५ मध्ये व्हिडिओकॅड हा साठा केला. ऑनशेपमध्ये माउस कुठे न्यायचा, कुठे क्लिक करायचे, कोणते माप टाइप करायचे, हे दाखवणाऱ्या ४१ हजारांहून अधिक चित्रफिती त्यात आहेत. एजंटाने शिकाऊ उमेदवारासारखे पडद्याकडे बघत शिकावे, अशी कल्पना.

शंभर पायऱ्या आणि ३६.६ टक्के

शिकलेला एजंट चुकतो किती? समजा, तो प्रत्येक पायरी १०० पैकी ९९ वेळा बरोबर करतो. पेपरात ९९ टक्के मिळाले तर घरात पेढे वाटतात. पण एखाद्या मध्यम पार्टला शंभर पायऱ्या सहज लागतात, आणि एकही चूक न होता शंभर पायऱ्या पार पडण्याची शक्यता ३६.६ टक्के. दोनशे पायऱ्यांना ती १३.४ टक्क्यांवर येते. हजारात एकच चूक करणारा एजंट शंभर पायऱ्या ९०.५ टक्के वेळा निर्दोष करेल. एका चुकीने सगळे काम वाया जात असेल तर ९९ आणि ९९.९ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणून एजंटाला वाटेत तपासावे लागते, आणि तपासणी हे संगणकाचे जुने बलस्थान. बोइंग ७४७ च्या वेळी ७५ हजार ड्रॉइंग कागदावर काढली होती. १९९४ मध्ये उडालेले ७७७ हे पूर्णपणे संगणकावर आखलेले पहिले जेट प्रवासी विमान. २३८ तुकड्या, २,२०० वर्कस्टेशन, दासोचे कॅटिया हे सॉफ्टवेअर, आणि रिव्हेट-बोल्टसकट ३० लाख भाग. यांतला कोणताही भाग दुसऱ्या कोणत्याही भागात घुसतो का, असे जोडी-जोडीने पाहायचे ठरवले तर जोड्या साडेचार लाख कोटी होतात. दूरदूरचे भाग सॉफ्टवेअर आधीच बाजूला काढते आणि उरलेले तपासते. अशी चाचणी लिहिलेली असेल तर एजंटाने शंभर चुका केल्या तरी हरकत नाही. त्या तिथल्या तिथे पकडल्या जातील. प्रश्न फक्त न लिहिलेल्या चाचण्यांचा उरतो.

‘हा कोपरा कशाने काढायचा?’

अशी एक न लिहिलेली चाचणी जवळून पाहू. एजंटाने ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात एक खाचा आखला: ४० बाय ४० मिलिमीटर, ३० खोल, आतले चारही कोपरे काटकोनात धारदार. पडद्यावर देखणा दिसतो. ताकदीच्या गणितातही तो जेमतेम उत्तीर्ण होतो. ड्रॉइंग सीएनसी मशीन लावणाऱ्या सेटरच्या हातात जाते आणि तो विचारतो, हा कोपरा कशाने काढायचा? गोल फिरणाऱ्या कटरने आतला कोपरा धारदार निघत नाही. ५ मिलिमीटरचा एंड मिल घातला तर कोपऱ्यात किमान अडीच मिलिमीटरची गोलाई राहते. २ मिलिमीटरचा घातला तर ३० मिलिमीटर खोलीला तो व्यासाच्या पंधरा पट बाहेर लोंबेल, थरथरेल आणि बहुतेक मोडेल. स्पार्क मशीनवर काढता येईल, पण वेळ आणि पैसा दोन्ही वाढतील. डिझाइनरने सुरुवातीला एवढेच सांगायचे असते: आतल्या कोपऱ्याला ४ मिलिमीटरची गोलाई चालेल.

दांडीलाही अशा अटी असतात. साच्यातून भाग सुटावा म्हणून भिंतींना अंशभर तरी उतार हवा. जाडी सगळीकडे सारखी हवी, नाहीतर गार होताना पृष्ठभागावर खळगे पडतात. आणि साच्याचे दोन अर्धे जुळतात ती रेघ तळव्याखाली येता कामा नये, कारण ती हाताला बोचते.

नासाच्या गोडार्ड केंद्रात रायन मॅक्लेलँड अंतराळयानांच्या उपकरणांसाठी ब्रॅकेट असेच घडवतात. आकार काढणाऱ्या यंत्रणेला ते आधी सांगतात की ब्रॅकेट कुठे टेकणार, बोल्ट कुठे येणार, प्रकाशाचा झोत कुठून जाणार म्हणून कोणती जागा मोकळी ठेवायची. मग तास-दोन तासांत हाडासारखा आकार तयार होतो आणि काही भागांचे वजन दोन तृतीयांशांनी घटते. तरीही माणसाची नजर लागतेच, कारण एकटी सोडली तर यंत्रणा भाग नको तितका बारीक करून ठेवते, असे नासाने म्हटले आहे. जनरल मोटर्सने २०१८ मध्ये सीटबेल्ट अडकवण्याचा ब्रॅकेट असाच करून पाहिला. दीडशेहून अधिक पर्याय निघाले. त्यांतला निवडलेला ४० टक्के हलका, २० टक्के मजबूत आणि आठ भागांच्या जागी एकच. दीडशे पर्यायांना दहा-दहा मिनिटे दिली तरी २५ तास जातात. माणसाच्या नजरेची पोच साधारण एवढीच.

आता शेवटचा हिशेब. १९७६ चा क्रे-१ हा महासंगणक सेकंदाला सुमारे १६ कोटी गणिते करायचा. २०२४ मध्ये पहिल्या क्रमांकावर आलेला एल कॅपिटन तेव्हा साडेसतरा परार्धांच्या आसपास करत होता. जवळजवळ अर्ध्या शतकात वेग सुमारे १,००० कोटी पट झाला, म्हणजे दहापट वाढ दहा वेळा झाली. दुसऱ्या बाजूला, दहांपैकी नऊ पर्याय बाद करणारी एक अट घ्या. तिने शोधाचे काम दहा पटींनी हलके होते, म्हणजे ती दहापट वेगवान संगणकाइतकेच काम करते. अशा दहा अटी मिळून महासंगणकांच्या अर्ध्या शतकाची बरोबरी करतात. अठरा अटी लावल्या तर भांड्याचे १,००० परार्ध पर्याय शंभरावर येतात, आणि शंभर पर्याय माणूस दोन दिवसांत नीट पाहू शकतो. प्रत्यक्षात अटी एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे हिशेब इतका सरळ उतरत नाही. पण आकड्यांचा कल बदलत नाही.

दासो, सीमेन्स, पीटीसी यांची सॉफ्टवेअर घडवणारी कार्यालये पुण्यात आहेत, आणि त्याच शहराच्या कडेला, भोसरी-चाकणच्या शेडांत, वर सांगितलेल्या अटी तोंडपाठ असलेली माणसे काम करतात. त्या अटी ना डीपकॅडमध्ये आहेत, ना मोटारींच्या ३९ टेराबाइटमध्ये. त्या ‘असे केले तर निघणार नाही, साहेब’ या वाक्यात असतात आणि सेटर निवृत्त झाला की त्याच्याबरोबर जातात. एजंट विकत घ्यायला निघालेल्या कारखान्याने आधी वही-पेन घेऊन सेटरच्या मशीनपाशी आठवडाभर बसावे. एका अटीला दहापट संगणक या भावाने एवढी स्वस्त खरेदी दुसरीकडे मिळणार नाही.